ॲडजेक्टिव्ह की ॲडव्हर्ब? नवशिक्यांसाठी पायरी पायरीने

‘शी स्पीक्स व्हेरी सॉफ्ट.’ ‘ही ड्राइव्ह्ज केअरफुल.’ ‘आय डिड द वर्क परफेक्ट.’

ही तीन वाक्यं वाचताना काहीच खटकलं नाही? मग बसा, हा लेख तुमच्यासाठीच आहे. तिन्हीत एकच चूक आहे, ॲडव्हर्ब म्हणजे क्रियाविशेषण हवं तिथे ॲडजेक्टिव्ह म्हणजे विशेषण आलंय (हवं होतं सॉफ्टली, केअरफुली, परफेक्टली), आणि मराठी माणूस ती इतक्या सहज करतो कारण आपल्या भाषेत ती मुळात चूकच नाहीये.

बघा ना, आपण ‘चांगला गायक’ म्हणतो आणि ‘तो चांगला गातो’ असंही म्हणतो, शब्द तोच, पहिल्यांदा तो माणसाबद्दल सांगतो आणि दुसऱ्यांदा गाण्याबद्दल, पण आपण काही शब्द बदलत बसत नाही. उलट बाई गात असेल तर ‘ती चांगली गाते’, म्हणजे आपण त्या शब्दाला गाणाऱ्याशी जुळवून घेतो, गाण्याशी नाही. छान, सुंदर, मस्त यांचंही तेच, ‘सुंदर चित्र’ आणि ‘सुंदर काढलंय’. त्यामुळे इंग्रजीत नामाजवळ गुड आणि क्रियापदाजवळ वेल हा जो फरक करावा लागतो तो करायची आपल्या कानाला सवयच नसते. नियम पाठ असतो, परीक्षेत लिहितोही आपण, पण बोलायला लागलो की ‘ही सिंग्ज गुड’.

आणि त्यात भर म्हणजे ती शाळेतली प्रसिद्ध युक्ती, ‘कसा? असा प्रश्न विचारा, उत्तर आलं की समजा ॲडव्हर्ब’. माझं स्पष्ट मत आहे की या युक्तीने फायद्यापेक्षा गोंधळ जास्त केलाय. तो कसा आहे? शांत. तो कसा बोलतो? शांतपणे. प्रश्न दोन्हीकडे ‘कसा’च, आणि पहिलं उत्तर ॲडजेक्टिव्ह, दुसरं ॲडव्हर्ब. मग काय उपयोग? ती युक्ती आजपासून बाजूला ठेवा.

पायरी १: शब्द कुणाबद्दल बोलतोय ते शोधा

सगळ्या लेखात एकच पायरी लक्षात ठेवायची असेल तर ही. शब्दाकडे बघत बसू नका, तो कुणाला चिकटलाय ते बघा. कागदावर वाक्य लिहा आणि त्या शब्दापासून ज्याच्याबद्दल तो सांगतोय त्याच्यापर्यंत पेन्सिलने चक्क बाण काढा.

बाण नामाकडे किंवा सर्वनामाकडे गेला तर ॲडजेक्टिव्ह. बाण दुसऱ्या कशाहीकडे गेला, म्हणजे क्रियापदाकडे, दुसऱ्या ॲडजेक्टिव्हकडे, दुसऱ्या ॲडव्हर्बकडे, किंवा अख्ख्या वाक्याकडे, तर ॲडव्हर्ब.

एकाच ट्रेनवर सगळं करून बघू. ‘अ स्लो ट्रेन’ मध्ये स्लोचा बाण ट्रेनकडे, म्हणून ॲडजेक्टिव्ह. ‘द ट्रेन वॉज स्लो’ मध्ये शब्द लांब गेला तरी बाण ट्रेनकडेच, म्हणजे अजूनही ॲडजेक्टिव्ह. ‘द ट्रेन मूव्ह्ड स्लोली’ मध्ये हलण्याबद्दल बोलतोय, बाण मूव्ह्डकडे, ॲडव्हर्ब. ‘द ट्रेन वॉज पेनफुली स्लो’ मध्ये स्लो ट्रेनबद्दल पण पेनफुली मात्र स्लोबद्दल, किती स्लो ते सांगतोय, म्हणून ॲडव्हर्ब. ‘द ट्रेन मूव्ह्ड व्हेरी स्लोली’ मध्ये व्हेरीचा बाण स्लोलीकडे, एक ॲडव्हर्ब दुसऱ्या ॲडव्हर्बला चिकटलाय. आणि ‘अनफॉर्च्युनेटली, द ट्रेन वॉज लेट’ मध्ये अनफॉर्च्युनेटली कुणा एकाबद्दल नाही, ट्रेन लेट झाली या सगळ्या प्रकाराबद्दल बोलणाऱ्याचं मत आहे.

यातला पेनफुली स्लो हा प्रकार बहुतेक जण विसरतात, कारण डोक्यात पक्कं बसलेलं असतं की ॲडव्हर्ब म्हणजे क्रियापदाचा सोबती. म्हणून ही जोडी नीट बघा:

‘अ टेरिबल, बोअरिंग मीटिंग’
‘अ टेरिबली बोअरिंग मीटिंग’

पहिल्यात दोन बाण आहेत आणि दोन्ही मीटिंगकडे, मीटिंग भयंकरही होती आणि कंटाळवाणीही. दुसऱ्यात टेरिबलीचा बाण बोअरिंगकडे, मीटिंग भयंकर नव्हती, फक्त कंटाळवाणी होती पण भयंकर कंटाळवाणी. दोन्ही बरोबर, अर्थ वेगळे. मधे ‘अँड’ घालून बघायचं, पहिल्यात ‘टेरिबल अँड बोअरिंग’ चालतं, दुसऱ्यात ‘टेरिबली अँड बोअरिंग’ म्हटलं की लगेच काहीतरी मोडलंय हे कळतं.

पायरी २: मराठीची मदत घ्या, पण जपून

मराठीने गोंधळ केला असं वर म्हटलं खरं, पण मदतही तीच करते. इंग्रजी शब्दाचा मराठी अर्थ मनात घ्या आणि त्याला ‘पणे’, ‘पूर्वक’ किंवा ‘ने’ लावता येतंय का बघा. काळजीपूर्वक, शांतपणे, घाईने, प्रामाणिकपणे, असं काही निघालं तर इंग्रजीत ॲडव्हर्ब लागणार. ‘शांत मुलगा’ क्वाएट, ‘शांतपणे बसला’ क्वाएटली.

कुठे फसाल? चांगला, छान, सुंदर, बरोबर, स्पष्ट या मंडळींपाशी. ‘स्पष्ट बोल’ आपण म्हणतोच, ‘स्पष्टपणे बोल’ म्हटलं तर जरा पुस्तकी वाटतं. म्हणून यांच्याबाबतीत मराठीला विचारू नका, सरळ पायरी १ चा बाण काढा. स्पष्ट काय? बोलणं, म्हणजे क्रिया, म्हणून ‘स्पीक क्लिअरली’.

पायरी ३: एल-वाय लावा, स्पेलिंग सांभाळा

बहुतेक ॲडव्हर्ब हे ॲडजेक्टिव्हच्या शेवटी एल-वाय लावून होतात हे तुम्हाला माहीतच असेल, स्लोचं स्लोली, क्विकचं क्विकली. इथे चुका होतात त्या स्पेलिंगमध्ये, म्हणून भराभर बघून घेऊ.

केअरफुलच्या शेवटी एक एल आधीच आहे, त्यावर एल-वाय लागणार, म्हणून केअरफुलीमध्ये दोन एल. एक एल खाऊन टाकणं ही अगदी नेहमीची चूक. शेवटी वाय असेल तर बहुतेक वेळा त्याचा आय होतो: हॅपीचं हॅपिली, अँग्रीचं अँग्रिली. शेवटी व्यंजन आणि मग एल-ई असेल, जसं सिंपल, जेंटल, पॉसिबल, तर ई जातो आणि त्या जागी फक्त वाय येतो: सिंपली, जेंटली, पॉसिबली. बाकी ठिकाणी ई असेल तर तो तसाच राहतो, एक्स्ट्रीमली, नाइसली, ॲब्सोल्यूटली, फक्त ट्रूचं ट्रूली, ड्यूचं ड्यूली आणि होलचं होली करताना तो ई गळतो.

शेवटी आय-सी असेल तर नुसतं एल-वाय नाही, ए-एल-एल-वाय लागतं: बेसिकचं बेसिकली, ऑटोमॅटिकचं ऑटोमॅटिकली, ड्रॅमॅटिकचं ड्रॅमॅटिकली. उच्चारात तो ए कुणी म्हणत नाही म्हणून लिहिताना विसरतो. अपवाद पब्लिक, त्याला नुसतं एल-वाय.

पायरी ४: एल-वाय दिसलं की लगेच विश्वास ठेवू नका

फ्रेंडली, लव्हली, लोन्ली, अग्ली, सिली, लाइव्हली, कॉस्टली, कावर्डली. हे सगळे ॲडजेक्टिव्ह आहेत! ‘ही टॉक्ड टू मी फ्रेंडली’ हे चुकीचं, आणि ‘फ्रेंडलिली’ असा काहीतरी जिभेला गाठ मारणारा शब्द करायचाही नाही. म्हणायचं ‘ही टॉक्ड टू मी इन अ फ्रेंडली वे’. लव्हली, सिली, लाइव्हली, सगळ्यांना हीच पळवाट, इन अ अमुक वे.

ओळखायचे कसे? एल-वाय झाकून टाका आणि उरलेला शब्द बघा. उरलेला शब्द नाम असेल, फ्रेंड, कॉस्ट, कावर्ड, मदर, तर बहुधा ॲडजेक्टिव्ह. उरलेला शब्द स्वतःच ॲडजेक्टिव्ह असेल, स्लो, सॅड, ब्रेव्ह, तर बहुधा ॲडव्हर्ब. बहुधा म्हणतोय, कारण एल्डरली, डेडली, सिकली हे मधेच आडवे येतात, एल-वाय झाकलं की ॲडजेक्टिव्हच उरतं तरी हे शब्द बहुतेक वेळा ॲडजेक्टिव्ह म्हणूनच वापरतात.

हा घोळ का झाला ते जाता जाता सांगतो, ज्यांना कंटाळा येईल त्यांनी पुढच्या पायरीवर जावं. साधारण हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत दोन वेगळे प्रत्यय होते, ‘लिक’ लावलं की ॲडजेक्टिव्ह व्हायचं आणि ‘लिके’ लावलं की ॲडव्हर्ब, आजचा ‘सारखा’ या अर्थाचा लाइक हा शब्दही त्याच मुळातला. शतकं गेली, शेवटचे आवाज झिजले आणि दोन्ही प्रत्यय घासून घासून एकाच एल-वायमध्ये येऊन मिळाले. म्हणजे फ्रेंडलीचा एल-वाय आणि स्लोलीचा एल-वाय दिसायला जुळे पण एकेकाळी वेगळे. आणि त्याच काळात हार्ड, फास्ट असल्या शब्दांचा ॲडव्हर्ब नुसता शेवटी ई लावून व्हायचा, तो ई पण पुढे गळला, त्यामुळे त्यांचे ॲडजेक्टिव्ह आणि ॲडव्हर्ब आज हुबेहूब सारखे दिसतात. पुढची पायरी त्यांचीच.

पायरी ५: जे शब्द बदलतच नाहीत

फास्ट, हार्ड, अर्ली, लेट, स्ट्रेट, हाय, लो, फार, नियर. ‘अ फास्ट कार’ आणि ‘ही रन्स फास्ट’, दोन्हीकडे फास्ट. ‘फास्टली’ असा शब्द नाही, नाही म्हणजे नाही, कितीही बरोबर वाटला तरी. डेली, वीकली, मंथली हेही दोन्हीकडे चालतात, ‘अ डेली रिपोर्ट’ आणि ‘द रिपोर्ट कम्स डेली’.

रोज वापरायची एक जोडी इथेच सांगून टाकतो, एव्हरीडे जोडून लिहिलं तर ॲडजेक्टिव्ह, ‘एव्हरीडे प्रॉब्लेम्स’, आणि एव्हरी डे तोडून लिहिलं तर रोज, ‘आय रीड एव्हरी डे’. पाट्यांवर आणि जाहिरातींत हे सर्रास उलटं लिहिलेलं असतं.

आता कुणीतरी विचारणारच, मग रस्त्यावरच्या पाटीवर ‘ड्राइव्ह स्लो’ कसं? स्लो हा शब्दही जुन्या काळापासून ॲडव्हर्ब म्हणून चालत आलाय, आणि मूव्ह, गो, ड्राइव्ह असल्या क्रियापदांबरोबर आजही चालतो. अठराव्या शतकात इंग्रजी व्याकरण लिहिणाऱ्यांनी, त्यात १७६२ साली व्याकरण छापणारे बिशप रॉबर्ट लोथ आले, असल्या बिन-एल-वायच्या ॲडव्हर्बवर नाराजी दाखवली आणि तेव्हापासून शाळांमध्ये एल-वायचाच आग्रह आहे. माझा सल्ला सोपा आहे, बोलताना ‘ड्राइव्ह स्लो’ म्हणा, परीक्षेत आणि ऑफिसच्या मेलमध्ये स्लोली लिहा, कुणाशी वाद घालायला जाऊ नका. ॲपलची १९९७ ची ‘थिंक डिफरन्ट’ ही जाहिरात आली तेव्हाही ‘डिफरन्टली हवं होतं’ असं म्हणणारे होते. पण तिथे ‘थिंक बिग’ सारखा अर्थ आहे, कसा विचार करा यापेक्षा कशाचा विचार करा. जाहिरातवाल्यांना ती मुभा, आपल्याला पेपरात नाही.

पायरी ६: लुक, फील, स्मेल, साउंड, टेस्ट. इथे थांबून वाचा

सगळ्यात जास्त मार्क इथे जातात. आणि गंमत म्हणजे ज्यांना नियम माहीत नाही त्यांच्यापेक्षा ज्यांना अर्धा माहीत आहे त्यांचे जास्त जातात, कारण त्यांनी ‘क्रियापदानंतर एल-वाय’ एवढं पाठ केलेलं असतं आणि मग ते बिनधास्त ‘आय फील सॅडली’ आणि ‘युअर आयडिया साउंड्स नाइसली’ लिहून मोकळे होतात.

काही क्रियापदं अशी असतात की ती काही करत नाहीत, फक्त कर्ता आणि त्याचं वर्णन जोडून देतात. इंग्रजीत यांना लिंकिंग व्हर्ब म्हणतात. सगळ्यात मोठं म्हणजे ॲम, इज, आर, वॉज, वेअर. मग सीम, बिकम, अपिअर, रिमेन, स्टे. मग ज्ञानेंद्रियांची, लुक, फील, साउंड, स्मेल, टेस्ट. आणि बदल दाखवणारी गेट, टर्न, ग्रो, गो, जसं ‘द लीव्ह्ज टर्न्ड येलो’ किंवा ‘शी ग्र्यू इम्पेशंट’. यांच्यानंतरचा बाण क्रियापदावरून उडी मारून मागे कर्त्याकडे जातो, म्हणून ॲडजेक्टिव्ह.

पण अडचण अशी की लुक, फील वगैरे कधी कधी खरंखुरं कामही करतात. तेव्हा ही चाचणी करायची: क्रियापद काढून तिथे इज किंवा वॉज टाका. वाक्याला अर्थ राहिला तर ॲडजेक्टिव्ह, वाक्य कोसळलं तर ॲडव्हर्ब.

‘शी लुक्ड अँग्री.’ वॉज टाका, ‘शी वॉज अँग्री’, अर्थ लागतो, तिचा चेहरा रागावलेला होता. ‘शी लुक्ड अँग्रिली ॲट द क्लॉक.’ वॉज टाका, ‘शी वॉज अँग्रिली ॲट द क्लॉक’, काहीच अर्थ नाही, कारण इथे ती खरोखर घड्याळाकडे बघत होती आणि ते बघणं रागाचं होतं.

‘द मेडिसिन टेस्ट्स बिटर’, बरोबर, औषध कडू आहे, औषध स्वतः काही चाखत नाहीये. ‘द डॉग स्मेल्स बॅड’ म्हणजे कुत्र्याच्या अंगाला वास येतोय, त्याला आंघोळ घाला. ‘द डॉग स्मेल्स बॅडली’ म्हणजे कुत्र्याला वास नीट घेता येत नाहीये, बिचाऱ्याचं नाक बिघडलंय. एका एल-वायने दोष अंगाचा की नाकाचा ते ठरतं. ‘आय फील बॅडली’ पण म्हणूनच टाळायचं, वाईट वाटतंय तर ‘आय फील बॅड’.

याच घरातली अजून एक जोडी, माझी सगळ्यात आवडती:

‘आय फाउंड द बुक ईझी.’
‘आय फाउंड द बुक ईझिली.’

पहिलं, मला पुस्तक सोपं वाटलं. दुसरं, मला पुस्तक सहज सापडलं. ईझीचा बाण बुककडे, ईझिलीचा बाण फाउंडकडे, म्हणजे शोधण्याकडे. शब्द शेवटी आलाय, क्रियापद तेच, कर्ता तोच, तरी अर्थ पार वेगळा. असंच ‘शी पेंटेड द डोअर रेड’ आणि ‘शी पेंटेड द डोअर नीटली’, लाल झालं दार, नीट झालं रंगवणं. ‘मेक इट सिंपल’, ‘कीप द विंडो ओपन’ यात सिंपली नि ओपनली येत नाही ते याचमुळे. आणि ‘ही केम होम टायर्ड’ मध्ये पण टायर्ड तोच आहे, त्याचं येणं नाही, क्रियापद शेजारी आहे म्हणून फसू नका.

पायरी ७: एल-वाय लावला की अर्थच पळून जातो असे शब्द

‘ही वर्क्ड हार्ड’ म्हणजे त्याने मेहनत केली. ‘ही हार्डली वर्क्ड’ म्हणजे त्याने जेमतेम, जवळपास काहीच काम केलं नाही. आता विचार करा, नोकरीच्या अर्जात कुणी उत्साहाने लिहिलं ‘आय ऑलवेज वर्क हार्डली’, वाचणारा काय समजेल! हार्डलीमध्ये नकार आधीच भरलेला असतो, त्यामुळे त्याच्याबरोबर नॉट किंवा कान्ट घालायचं नाही, ‘आय कॅन हार्डली हिअर यू’ एवढंच पुरे.

लेट म्हणजे उशिरा, लेटली म्हणजे अलीकडे. ‘ही केम लेटली’ लिहून उशीर सांगता येत नाही. नियर म्हणजे जवळ, निअरली म्हणजे जवळजवळ, ‘ही निअरली फेल’ म्हणजे पडता पडता वाचला. हाय उंचीसाठी, ‘द बर्ड फ्ल्यू हाय’, आणि हायली म्हणजे अतिशय, ‘हायली युजफुल’. शॉर्टली म्हणजे थोडक्यात नव्हे, थोड्याच वेळात, थोडक्यात हवं असेल तर ब्रीफली. मोस्टली म्हणजे बहुतेक करून. फ्री म्हणजे फुकट आणि फ्रीली म्हणजे मोकळेपणाने, म्हणून ‘चिल्ड्रन ट्रॅव्हल फ्री’ आणि ‘शी टॉक्ड फ्रीली’. ही यादी नियमाने लक्षात राहत नाही, प्रत्येकाचं एकेक वाक्य स्वतः बनवून वहीत लिहा, तेवढंच लागतं.

पायरी ८: गुड आणि वेल, रिअल आणि रिअली

गुड ॲडजेक्टिव्ह, वेल त्याचा ॲडव्हर्ब. ‘अ गुड सिंगर’, ‘शी सिंग्ज वेल’. इथपर्यंत ठीक. पण वेल तब्येतीबद्दल बोलताना ॲडजेक्टिव्ह पण होतो, ‘आय ॲम नॉट वेल’, म्हणजे बरं नाहीये. ‘हाउ आर यू?’ ला ‘आय ॲम गुड’ म्हटलं तर चूक नाही, ॲमनंतर ॲडजेक्टिव्हच येणार ना, कुणी टोकलं तर घाबरू नका.

क्रियापदाच्या तिसऱ्या रूपावरून बनलेले शब्द, रिटन, मेड, पेड, बिल्ट, नोन, यांच्या आधी मात्र ॲडव्हर्बच: वेल-रिटन लेटर, बॅडली मेड चेअर, हायली पेड जॉब, न्यूली बिल्ट ब्रिज. ‘गुड रिटन’ नाही. लिहिताना एक बारीक गोष्ट, नामाच्या आधी आलेल्या वेल-नोनमध्ये मधे आडवी रेघ देतात, पण एल-वायवाल्या ॲडव्हर्बनंतर देत नाहीत, न्यूली बिल्ट सुटं सुटं.

‘रिअल गुड’ हे अमेरिकन बोलण्यात खूप ऐकू येतं, लिहिताना ‘रिअली गुड’ करा. विषय संपला.

पायरी ९: जागा

ॲडव्हर्ब ओळखला, बनवला, आता ठेवायचा कुठे? क्रियापद आणि त्याचं कर्म यांच्या मधे नाही. ‘शी स्पीक्स फ्लुएंटली इंग्लिश’ चूक, ‘शी स्पीक्स इंग्लिश फ्लुएंटली’ बरोबर. मराठीत ‘ती अस्खलित इंग्रजी बोलते’ म्हणताना आपण तो शब्द पुढे घेतो ना, तीच सवय इथे आडवी येते. ऑलवेज, नेव्हर, ऑफन, युज्वली ही मंडळी मुख्य क्रियापदाच्या आधी पण ॲम, इज, आरच्या नंतर: ‘शी ऑलवेज कम्स अर्ली’, ‘शी इज ऑलवेज अर्ली’. ओन्ली ज्याच्याबद्दल आहे त्याच्या शेजारी ठेवलेला बरा, ‘ओन्ली आय सॉ हर’ आणि ‘आय सॉ ओन्ली हर’ यात कोण एकटं पडतंय ते बदलतं.

तुलना करायची असेल तर एल-वायवाल्या ॲडव्हर्बला मोअर लावा, ‘मोअर केअरफुली’, ‘मोअर क्लिअरली’. फास्ट, हार्ड, अर्ली यांना ई-आर, फास्टर, हार्डर, अर्लिअर. वेलचं बेटर आणि बॅडलीचं वर्स. मोअर बेटर कधीच नाही.

आता हात चालवा

खालचा परिच्छेद मी मुद्दाम बिघडवून लिहिलाय. पुढे वाचण्याआधी पेन्सिल घ्या आणि बाण काढून बघा.

‘द न्यू मॅनेजर सीम्स स्ट्रिक्टली. शी स्पीक्स क्लिअर अँड लिसन्स पेशंट. येस्टरडे शी लुक्ड केअरफुल ॲट माय रिपोर्ट अँड सेड इट वॉज गुड रिटन. आय हॅड वर्क्ड हार्डली ऑन इट, सो आय फेल्ट हॅपिली.’

सीम्स हे जोडणारं क्रियापद, इज टाकलं तर ‘इज स्ट्रिक्ट’ बसतं, म्हणून स्ट्रिक्ट. स्पीक्स आणि लिसन्स ही खरी कामं, बाण त्यांच्याकडे, म्हणून क्लिअरली आणि पेशंटली. लुक्डपाशी बरेच जण अडतील, पायरी ६ आठवून ‘लुकनंतर ॲडजेक्टिव्ह’ म्हणतील, पण पुढे ‘ॲट माय रिपोर्ट’ आहे, म्हणजे ती खरंच बघत होती, वॉज टाकून बघा, कोसळतं, म्हणून केअरफुली. रिटनच्या आधी वेल. फेल्टनंतर हॅपी, कारण खूश मी आहे, वाटणं नाही.

राहिलं हार्डली. तिथे हार्ड हवं होतं, नाहीतर मॅनेजरला आपणच सांगतोय की या रिपोर्टवर मी काही कामच केलं नव्हतं. आणि मोबाइलचा स्पेलचेकर तुम्हाला इथे वाचवेलच असं नाही, हार्ड आणि हार्डली दोन्हीचं स्पेलिंग बरोबरच आहे, तो लाल रेघ मारणार कशाला. लेट-लेटली, नियर-निअरली, ईझी-ईझिली यांचंही तसंच. त्यामुळे मेल पाठवायच्या आधी त्यात एल-वायने संपणारा प्रत्येक शब्द शोधा आणि त्याचा बाण कुठे जातो तेवढं बघा, मग वेल हवा तिथे गुड राहिलाय का ते एकदा, आणि मगच सेंड दाबा.